दोन परस पाण्याला दहा परस दोर

सटवाजीला पोहायला येत नव्हतं, आणि हे तो छाती पुढं काढून सांगायचा. बुडाखाली धरणाचं पाणी, हातात होडीचा दोर, आणि हा म्हणायचा, "मला पवायला येत न्हाई म्हनून ही व्हडी शाबूत हाय. पवनाऱ्या मान्साची गाठ ढिली ऱ्हाती. त्याच्या मनात आस्तंय, गेली तर गेली, मारू हात!"

हे तो माझ्याकडं बघून म्हणायचा, कारण मला पोहायला येतं. विहिरीत काठावरून उडी टाकणारा आमच्या जोडीच्या माणसांत मी एकटाच उरलोय. पण सटवाजीपुढं त्या हुन्नराला कवडीची किंमत नव्हती.

त्याची सगळी अक्कल दोरात होती. सेलूच्या बाजारात तो दोर घ्यायला गेला की दुकानदार आधीच हात जोडायचा. सटवाजी दोराचं टोक नाकाला लावायचा, मग दाताखाली धरायचा, मग डोळे मिटून बोटांनी पीळ मोजत बसायचा. एकदा त्यानं दोर दुकानाच्या खांबाला बांधला आणि पाय रोवून एवढ्या जोरानं मागं झुकला की वर टांगलेली बादल्यांची माळ धडाधडा खाली आली. दुकानदार ओरडला, "बाबा, दोर घ्यायचा हाय का दुकान पाडायचंय?" सटवाजी एक एक बादली उचलून देत शांतपणे म्हणाला, "दोर चांगला हाय. खांब तेवढा बगून घ्या."

घरातली प्रत्येक वस्तू त्यानं बांधलेली असायची. चष्मा गळ्याला, किल्ली कमरेला, तंबाखूची डबी किल्लीला. त्याची बायको गयाबाई, म्हणजे आमची वैनी, म्हणायची, "माझं लगीन लागताना भटानं उपरण्याची गाठ मारली, ती ह्यांनी सोडून पुन्हा मारली. म्हनले, ही सुटंल." खरं खोटं देव जाणे. पण मी त्या लग्नात जेवलोय आणि गाठीपाशी काहीतरी खोळंबा झाला होता एवढं मला आठवतंय.

मी त्याच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. तो म्हणायचा तोच मोठा. दोघांच्याही आयांनी जन्म पोळ्याच्या आसपासचा सांगितला होता, पोळा कोणता हे कोणी विचारून ठेवलं नाही. त्यामुळं तो मला "ए ग्यानबा" म्हणायचा आणि मी त्याला "अरे सटवाजी". शेवटपर्यंत कोणी माघार घेतली नाही.

आता पाण्याचं सांगतो. दुधना नदीवर धरण झालं तसं आमचं गाव उठून वरच्या माळावर आलं. वावरं बहुतेक पाण्यात गेली. सटवाजीची सात एकर काळी गेली, आणि पल्याडच्या काठाला दोन एकर तेवढी कोरडी राहिली. ती दोन एकर आणि मधी हे एवढं पाणी. सडकेनं वळसा घालून जायचं तर वावरात पोचेपर्यंत दिवस डोक्यावर यायचा. म्हणून पहिली दोन सालं नवराबायको कोयता घेऊन ऊसतोडीला गेले. दुसऱ्या साली परत आला तेव्हा सटवाजीच्या पाठीचा कणा वाकला होता आणि वैनीच्या हाताची सालं निघाली होती. त्यानं कोयता छपराच्या वळचणीला खोचला आणि मला म्हणाला, "ग्यानबा, आता ह्याला हात लावनार न्हाई. पल्याडची दोन एकर पिकवीन, न्हाईतर हितंच बसून मरीन."

पल्याड तुकडे राहिलेली आम्ही अकरा घरं होतो. सगळ्यांनी मिळून पत्र्याची एक होडी करून घेतली. वल्हवायला शिकायला महिना गेला. तोवर होडी कुंभाराच्या चाकासारखी जागच्या जागी फिरायची. पण खरी पंचाईत वेगळीच निघाली. होडी पल्याड नेली, ती दिवसभर ठेवायची कुठं? काठाला दगड आणि बाभळीची खुंटं. वाऱ्याच्या लाटांनी पत्रा आपटून आपटून फाटायचा. म्हणजे ती काठापासून जरा आत, पाण्यात उभी करायला पाहिजे. त्याला लंगर पाहिजे.

लोहाराकडून लंगर करून घेतला. विहिरीत पडलेली घागर काढायला चार नख्यांचा गळ असतो ना, तसाच, पण थोरला. दोर अर्थातच सटवाजीनं आणला. तिथं दोन परस पाणी होतं. हात वर करून उभ्या माणसाची उंची म्हणजे एक परस. आमच्याकडं विहिरी अशाच मोजतात. सटवाजीनं दोन परसांच्या वर हातभर दोर ठेवला आणि बाकीचा कापला. विहिरीला आपण असाच लावतो. खाली टेकला म्हणजे झालं, वर कशाला लोंबू द्यायचा? आम्हा अकरा घरांत ह्यात चूक काढणारा एकही माणूस नव्हता, आणि मी तर नव्हतोच.

आषाढात खुरपणीला तीन खेपा करून सगळे पल्याड गेलो. माणसं काठाला उतरवून मी होडी आत नेली, लंगर टाकला आणि पोहत काठावर आलो. भाकरीची फडकी होडीतच ठेवली, मुंग्या लागू नयेत म्हणून. सूर्य माथ्यावर आला, वारा सुटला, आणि वैनी ओरडली, "आवो, व्हडी कुटं जायलीय?"

होडी निघाली होती. हळूहळू, नाक वर करून, पाटलीणबाई लग्नाला निघाल्यासारखी. मी पाण्यात उडी टाकली, पण वाऱ्यापुढं हात किती चालणार? माघारी आलो. बावीस माणसांच्या भाकरी डोळ्यांदेखत चालल्या होत्या. सटवाजी काठावर उभा राहून होडीला म्हशीसारखं "हूर्र, हूर्र" करून बोलवत होता. वैनी म्हणाली, "आजून जोरात वरडा. नाव घिऊन वरडा. तिला वळख पटंना."

त्या दिवशी वळसा घालून, कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर लोंबकळत, उपाशीपोटी घरी आलो. होडी दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला बाभळीत अडकलेली सापडली. लंगर शाबूत, दोर शाबूत, भाकरी बगळ्यांनी खाल्लेल्या.

मग भांडण पेटलं. मी म्हणालो, लोखंडाला दोर ही सोयरीकच चुकीची. लोखंडाला लोखंड पाहिजे, साखळी पाहिजे. सटवाजी म्हणाला, "दोर तुटला का? गाठ सुटली का? मंग दोराचा गुन्हा काय?" मी म्हणालो, "गुन्हा दोराचा नसंल तर तुझा आसंल." त्यावर तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि पाचव्या दिवशी बोलला ते एवढंच, की मी बोलत नाही.

मी देवगाव फाट्याला गेलो. ट्रकवाल्यांच्या दुकानात अंगठ्याएवढ्या कड्यांची साखळी होती, ती आणली. ती होडीत टाकली तेव्हा होडीनं कण्हल्यासारखा आवाज केला. सटवाजी काठावर बसून बघत होता. म्हणाला, "आता मान्सं कुटं बसवायची?" मी लक्ष दिलं नाही. साखळी पण दोन परस आणि वर हातभर, तेवढीच ठेवली. पंधरा दिवस होडी हलली नाही. पंधरा दिवस मी गावातनं अशा चालीनं हिंडलो की वैनी म्हणाली, "भावजी, जरा वाकून चाला, उंबऱ्याला कपाळ लागंल."

सोळाव्या दिवशी वारा आला. लाट आली की होडी वर उठायची आणि साखळीचा हिसका बसायचा. साखळी काही लवत नाही. ठण्, ठण्, असा आवाज शेतापर्यंत यायचा. लंगर कुठं तरी दगडात अडकून बसला होता, तो सुटेना. साखळी तुटेना. मग जे कमजोर होतं ते गेलं. नाकाला डाग देऊन बसवलेली कडी पत्र्यासकट उपटून आली, आणि होडीच्या तोंडाला नारळाएवढं भोक पडून ती बसत बसत काठाला लागली.

मला वाटलं आता सटवाजी गावभर नाचणार. तो आला, माझ्याशेजारी उकिडवा बसला, भोकात हात घालून बघितला आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाला, "ग्यानबा, साखळीला काई लागलं तर न्हाई ना?"

त्याला पाण्यात ढकलावं असं माझ्या मनात आलं होतं. पोहायला येत नव्हतं म्हणून सोडला.

पण दुसऱ्या दिवशी लिंबाखाली माणसं जमली तेव्हा हसण्याचं कोणालाच सुचलं नाही. लोक म्हणाले, पुरे झालं. होडी भंगारात घाला, पल्याडचे तुकडे तिकडच्याच लोकांना बटईनं देऊन टाका. ज्यांची पोरं नोकरीला होती त्यांना ते सोपं होतं. दोन एकरांची अर्धी बटई म्हणजे घरात काय येणार, हे सटवाजीला कोणी सांगायची गरज नव्हती. वळचणीचा कोयता त्याला बसल्या जागेवरनं दिसत होता. शेवटी तो उठला आणि म्हणाला, "आठ दीस द्या. आठ दिवसांत व्हडी हुबी करून दावली न्हाई तर काय करायचं ते करा."

पुढचे तीन दिवस तो काठाला गुडघाभर पाण्यात उभा होता. शेळीचं दावं, त्याला विहिरीचा छोटा गळ. टाकायचा, ओढायचा. दोन पावलं मागं सरकायचा, पुन्हा ओढायचा. येणारेजाणारे विचारायचे, "सटवाजीबा, मासं लागायलेत का?" तो म्हणायचा, "लागायलेत. पर आकलंचं लागायलेत."

चौथ्या दिवशी त्यानं गावाजवळच्या नांगरलेल्या रानात सगळ्यांना बोलावलं. मधी बैलगाडी उभी. लंगर ढेकळांत ठेवलेला, त्याला लांब दोर. आम्हा चौघांना त्यानं गाडीवर उभं केलं. गाडी लंगराच्या जवळच होती. म्हणाला, "गाडी म्हंजे व्हडी. ही तिची उंची म्हंजे पानी. वढा."

आम्ही ओढलं. लंगर टुणकन उपटून वर आला आणि आम्ही चौघं गाडीतच पाठीवर पडलो. माझ्या अंगावर दोघं. वैनी पदर तोंडाला लावून हसत होती.

"आता बगा." त्यानं गाडी मागं ढकलायला लावली. दहाबारा पावलं, आणखी दहा. दोर सैल सोडला. "आता वढा."

ओढलं. लंगर सरकला, आडवा झाला, नख्या मातीत गेल्या. जितकं ओढू तितका खाली. आम्ही चौघं गाडीत पाय रोवून लाल झालो, शेवटी गाडीच पुढं सरकायला लागली.

सटवाजी कमरेवर हात ठेवून उभा होता. म्हणाला, "आरं, जलमभर वखर हाकला. दांडी वर उचलली तर खालची लोखंडी पास मातीत जाती का? आडवं वढलं तरच लोखंड जमिनीत शिरतंय. आपन विहिरीचा हिशेब पान्याला लावला. विहिरीत वस्तू वर काढायची आस्ती. हितं ती खाली ठिवायची हाय."

मग कोणीतरी विचारलं, "मंग दोन परसाला किती लावायचा?"

"दहा."

माणसं फसकन हसली. "दोन परस पान्याला दहा परस दोर? धरन हाय का पाताळ?"

"धा परस," सटवाजी म्हणाला. "आनि ज्याला हसायचं त्यानं गाडीवर चढून हसावं."

गाडीवर कोणी चढलं नाही. होडीला ठिगळ मारलं, दहा परस नायलॉनचा दोर आणला. सेलूच्या दुकानदारानं आधी बादल्या आत नेऊन ठेवल्या, मग दोर दाखवला.

एवढ्यावर त्याचं बरोबर ठरलं असतं तर मला फार जड गेलं असतं. पण पाण्याखाली जुने बांध आहेत, बांधांना दगड आहेत. महिन्याभरात लंगराजवळचा दोर दगडाला घासून विसकटायला लागला. शिवाय वारा जोराचा आला की हलका दोर वर ताणून उठायचा आणि लंगराचं तोंडही उचलायचा. मला हे दिसलं होतं. मी बोललो नाही. त्यालाही दिसलं होतं. तो पण बोलला नाही. आठ दिवस आम्ही दोघं त्या विसकटलेल्या टोकाकडं बघून हवापाण्याच्या गप्पा मारत होतो.

एका संध्याकाळी लंगर ओढून घेताना माझ्या हाताला गार लागलं. बघतो तर लंगर आणि दोर ह्यांच्या मधी चार हात साखळी. माझीच, देवगाव फाट्याची. माझ्या गोठ्यात पडलेली होती, ती ह्यानं कधी उचलली मला पत्ता नाही.

"हे काय हाय, सटवाजी?"

"काय न्हाई. वखर वर उचलाया लागला की वर धोंडा ठिवतो का न्हाई? तसा धोंडा ठिवलाय."

"म्हंजे साखळी लागती."

"धोंडा लागतो म्हनलो. साखळी म्हनलो का?"

"आरं पर ही साखळी हाय!"

"तुला जे दिसतंय ते दिसू दे. मी धोंडा ठिवलाय."

खाली चार हात लोखंड, वर सगळा दोर. साखळी दगडाला दाद देत नाही आणि लंगराचं तोंड खाली दाबून धरते; दोर लवतो, म्हणून हिसका बसत नाही, आणि होडीवर भारही पडत नाही. आज कोणी विचारलं तर मी सांगतो, ही माझी हिकमत. सटवाजी होता तेव्हा तो सांगायचा त्याची. दोघांचंही ऐकून वैनी म्हणायची, "दोघंबी हुशार. एकाच मान्सात घातलं आस्तं तर बरं झालं आस्तं."

एक दिवस मात्र मी माघार घेतली. तेवढी एकदाच, म्हणून लिहून ठेवतो.

पुढच्या साली श्रावणाच्या तोंडाला आम्ही पल्याडनं माघारी येत होतो. होडीत नऊ माणसं, त्यांत पाच बाया. दोघंजण वल्ह्यावर. मधोमध आलो आणि आडवा वारा सुटला. वल्ही मारून मारून हात गळाले, पण होडी बाजूला सरकत चालली, खालच्या अंगाला, जिथं बाभळीचे बुंधे पाण्याखाली भाल्यासारखे उभे आहेत. तिथं गेलो असतो तर पत्र्याची चाळणी झाली असती. बाया देवाचं नाव घ्यायला लागल्या. मी लंगर उचलला.

"हितं नगं!" सटवाजी ओरडला. तो पुढं बसला होता, दोन्ही हातांनी काठ धरून, तोंड पांढरं. "हितं खडक हाय, शिरपतीचं रान हाय. उजवीकडं घ्या. जुन्या शिवंच्या पल्याड माझं वावर हाय, टेकाडावर. पानी कमी हाय, माती काळी हाय."

आजूबाजूला नुसतं पाणी. शीव नाही, झाड नाही. तो कशाकडं बघून सांगत होता कोण जाणे. पण आम्ही उजवीकडं मारलं, आणि तो म्हणाला, "आता. टाक."

मी टाकला. लंगर टेकल्याचं हाताला कळलं. मी दोर आवळून धरला. भ्यालेला माणूस आवळूनच धरतो. बायाही ओरडत होत्या, "धरा, भावजी, सोडू नगा!"

"सोड," सटवाजी म्हणाला.

"आरं, वाहून जायलोत!"

"सोड म्हनतो ना. अजून सोड. समदा सोड."

ज्याला पोहायला येत नाही तो माणूस मला म्हणत होता, सोड. माझी मूठ उघडेना. त्यानं काठ सोडला, गुडघ्यांवर रांगत आला आणि माझ्या हातावर हात ठेवून एक एक हात दोर सोडत गेला. तीन परस, पाच, आठ. होडी वाऱ्याबरोबर मागं मागं, बाभळीकडं. मग दोर वर आला, पाणी झटकत ताणला, जरासा लवला, आणि होडीनं वाऱ्याकडं तोंड केलं.

थांबली.

बुंधे पाठीमागं दोन होड्यांच्या अंतरावर होते. सटवाजीनं ताणलेल्या दोरावर बोट ठेवलं, नाडी बघतात तसं. मग म्हणाला, "माझ्या वावरात शिरला. किती सालांनी लोखंड गेलं त्या मातीत."

वारा पडेपर्यंत तासभर आम्ही तिथं होतो. वैनीनं सगळ्यांना शेंगदाणे वाटले. त्या दिवसानंतर बटईचं नाव कोणी काढलं नाही.

सटवाजी गेला तो तापानं, दोनच दिवसांच्या. घरी, कोरड्या जागेवर, वैनीच्या समोर. त्याच्या आधी पंधरा दिवसांची गोष्ट. पल्याड हरभरा निंदायला गेलो होतो. होडी नेहमीच्या जागी उभी केली. सटवाजी पहिल्या सालापासून निंदताना दर दोन हातांना मान वळवून होडी बघायचा. त्यामुळं त्याच्या वावरात अर्धं तण तसंच राहायचं आणि वैनी मागनं बोलत बोलत काढत यायची.

त्या दिवशी दुपारी एकाएकी वारा उठला. पाणी काळं पडलं. सगळ्या वावरांतली माणसं खुरपी हातात घेऊन उभी राहिली आणि पाण्याकडं बघायला लागली. मीपण. दोर ताणला, होडीनं तोंड फिरवलं, डुलली, जागेवर राहिली. मी सटवाजीला सांगायला वळलो.

तो उठलाच नव्हता. पाण्याकडं पाठ करून, उकिडवा बसून, हरभऱ्याच्या ओळीतनं पुढं पुढं सरकत होता. त्याच्या मागं एक काडी तण राहिलं नव्हतं.